राजाचा धर्म आणि काबिजादींची प्रजा

कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची, मंगेशीचा मंगेश कुठ्ठाळीचा, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथीचा रामनाथ लोटलीचा आणि जांबावलीचा दामोदर मडगावचा. रत्नागिरी, मालवण, कारवार, बेळगाव आणि मुंबई येथील सहस्रावधी कुटुंबे ज्या गोमंतकीय दैवतांना कुलदैवत मानून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या दर्शनास जातात, त्यांतील कित्येक दैवते आज ज्या गावी नांदतात त्या गावची मुळात नव्हेतच. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना आपली मूळ क्षेत्रे सोडून, नदी ओलांडून, परक्या राजाच्या मुलखात आश्रय घ्यावा लागला. ज्या अंत्रुज महालात म्हणजे आजच्या फोंड्यात त्यांतील बहुतेकांनी हा आश्रय घेतला, तो महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होता, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाने ध्यानी धरण्यासारखी आहे. हिंदू दैवते मुसलमान सुलतानाच्या हद्दीत निर्भय झाली आणि ख्रिस्ती राजाच्या हद्दीत त्यांना ठाव उरला नाही, एवढ्यावरून कोणत्याही एका धर्माच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण देवळे आदिलशाहीतही पडली होती. परंतु राज्याने एका धर्माचा स्वीकार करून त्याचा प्रसार हे आपले दिवाणी कर्तव्य मानले, म्हणजे त्या धर्माबाहेरील रयतेच्या जगण्याचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर गोमंतकाच्या साडेचारशे वर्षांच्या फिरंगी अमलाइतका सविस्तर पुरावा आपल्या परिसरात अन्यत्र क्वचितच मिळेल.

पोर्तुगालचा राजा हा केवळ ख्रिस्ती राजा नव्हता. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून रोमच्या पोपांनी दिलेल्या सनदांमुळे, समुद्रापलीकडील मुलखांत बिशप नेमण्यासाठी नावे सुचविणे, देवालये बांधणे, पाद्र्यांचा खर्च चालविणे आणि धर्मप्रसार करणे हा त्याचा हक्क ठरला होता आणि कर्तव्यही. या व्यवस्थेला पाद्रुआदु म्हणत. तिचा व्यावहारिक अर्थ असा की गोव्यातील पाद्री राजाच्या खजिन्यातून पोसला जाई आणि राजाचा विजरई पाद्र्याच्या तक्रारीला उत्तर देण्यास बांधलेला असे. राज्य व धर्मसंस्था यांच्यात कलह पुष्कळ झाले, कित्येक विजरईंना पाद्र्यांचा उपद्रव असह्य वाटे आणि तसे ते लिस्बनला लिहूनही कळवीत. तथापि, परधर्मीयाचा प्रश्न निघाला म्हणजे या दोन सत्तांपैकी एकीने त्याच्या बाजूने उभे राहावे अशी तरतूद त्या रचनेत कोठेच नव्हती.

असे असूनही पहिली तीस वर्षे निराळी गेली. 25 नोव्हेंबर 1510 रोजी आफोन्सु द आल्बुकेर्कने गोवे दुसऱ्यांदा जिंकले तेव्हा शहरातील मुसलमानांची त्याने सरसकट कत्तल करविली, आणि तिचे वर्णन राजाला लिहिलेल्या पत्रात समाधानाने केले. हिंदूंना मात्र त्याने अभय दिले. तिमय्यासारख्या हिंदू सरदाराच्या मदतीने हा विजय मिळालेला, सारा वसूल करावयाचा तो हिंदू गावकारांकडून, आणि सभोवार आदिलशाहीचा वेढा. अशा स्थितीत त्याने देवळांना हात लावला नाही, सतीची चाल बंद केली तेवढीच. 1526 साली आफोन्सु मेशियाने गावकऱ्यांच्या चालीरीती व हक्क नोंदवून जो फोराल सिद्ध केला, त्यात गावाची जमीन, बांध, खाजने आणि गावकारांचे मानपान यांना राज्याची मान्यता मिळाली. तो दस्तऐवज वाचताना, येथील मामूल चालू राहील असा भरवसा तत्कालीन गावकाराला का वाटला असेल ते कळते. परंतु तो भरवसा कोणत्याही हक्काच्या पायावर उभा नव्हता. राज्याला त्या वेळी गरज होती म्हणून ती मुभा होती. गरज सरताच मुभा सरली, आणि दाद मागावयाची तर ती ज्याच्याकडे मागावयाची तोच प्रतिवादी होता.

1540 मध्ये तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली. पुढच्याच वर्षी, जूनअखेरीस, गावकारांना बोलावून देवळांच्या नावे लावून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न आता ख्रिस्ती देवालयांकडे आणि नव्या धर्मसंस्थेकडे वळविण्यास त्यांची संमती घेण्यात आली. व्हिकार-जनराल मिंगेल व्हाज हा या कामात पुढाकार घेणारा होता. संमती हा शब्द कागदावर आहे खरा. पण देऊळ पडल्यावर त्याच्या जमिनीविषयी सैन्यबळाच्या धन्याने विचारलेल्या प्रश्नाला गावकार दुसरे काय उत्तर देणार होता? या उत्पन्नातून सांव पावलु महाविद्यालयाची उभारणी झाली. देवळाची जमीन ही केवळ देवाची नसे. पुजारी, वाजंत्री, भाविणी, सुतार, कुंभार, परीट अशा कितीतरी घरांची मिरास तिच्यावर अवलंबून असे. ती गेली, म्हणजे अर्धा गाव एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी निर्वाहहीन झाला, आणि निर्वाहाची वाट चर्चच्या दारातून जाऊ लागली. गोमंतकातील धर्मांतराची चर्चा तरवार की श्रद्धा अशा दोनच टोकांवर करणारे लेखक या मधल्या, अत्यंत परिणामकारक अशा आर्थिक यंत्राकडे दुर्लक्ष करतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

त्यानंतरच्या पाव शतकात जे कायदे झाले, त्यांचा क्रम लावून पाहिला तर माणसाच्या आयुष्याचा एकेक कोपरा राज्याने कसा व्यापला हे स्पष्ट होते. 1557 साली सरकारी चाकरीची दारे हिंदूंना बंद झाली. धर्मांतर केलेल्या स्त्रीला वा मुलीला हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत विशेष वाटा मिळेल असे हुकूम निघाले. स्त्रीला वारसा मिळणे ही एरवी स्वागतार्ह गोष्ट, परंतु येथे तो वारसा धर्मत्यागाचा मोबदला म्हणून देण्यात आला. 1560 मध्ये विजरई दों कोन्स्तांतीनु द ब्रागांसा याने ब्राह्मणांना बेटाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला. 1567 साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेच्या ठरावांना विजरई दों आंताव द नोरोन्या याने त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजशासनाचे रूप दिले. त्यांनुसार हिंदूंचे विवाहविधी, दहनविधी, उपनयन, उत्सव, हे सर्व दंडनीय ठरले, देवळे नवी बांधणे राहोच पण जुन्यांची डागडुजी करणेही गुन्हा झाला, आणि हिंदूंनी पाळीपाळीने चर्चमध्ये जाऊन प्रवचन ऐकले पाहिजे असे बंधन आले.

या सर्वांत मला जो हुकूम सर्वांत भयंकर वाटतो तो पोरक्या मुलांविषयीचा. 23 मार्च 1559 च्या राजाज्ञेने असे ठरविले की ज्या हिंदू मुलांचे आईबाप, आजेआजी वारले असतील त्यांना अनाथांच्या न्यायाधीशाने ताब्यात घेऊन सांव पावलु महाविद्यालयात ठेवावे आणि तेथे त्यांना ख्रिस्ती शिक्षण द्यावे. मूळ शब्दांत एक प्रकारची दयाही वाचता येईल. परंतु अंमलबजावणीत अनाथ या पदाचा अर्थ विस्तारत गेला, आणि बाप मेला म्हणजे आई जिवंत असली तरी मूल अनाथ समजले जाऊ लागले. नवरा गमावलेल्या बाईच्या दाराशी सरकारचा माणूस यावा आणि तिच्या कडेवरील मूल कायद्याच्या आधाराने काढून न्यावे, या प्रसंगाची कल्पना ज्याला करवत असेल त्याला त्या काळातील कुटुंबे रात्रीच्या काळोखात होडी करून नदीपार का जात होती, हे निराळे सांगावयास नको. बाप मरताच मुले लपविण्यासाठी, सुलतानाच्या हद्दीतील सोयऱ्यांकडे पोचविण्यासाठी हिंदू कुटुंबे धडपडत, आणि अशा कामी मदत करणे हाही अपराध गणला जाई. धर्मांतर केलेल्यांचा कैवार घेण्यासाठी ख्रिस्त्यांचा पालक या नावाचा एक अधिकारी नेमलेला असे; हिंदू आईचा कैवार घेणारा अधिकारी त्या राज्याच्या दप्तरात नव्हता.

बारदेश व साष्टी हे महाल 1543 साली आदिलशहाकडून फिरंग्यांकडे आले. साष्टीतील सुमारे 280 देवळे 1560 नंतरच्या दशकात, मुख्यतः 1567 च्या सुमारास, राचोलच्या किल्लेदाराच्या देखरेखीखाली पाडली गेली. बारदेशातही त्याच सुमारास तेच झाले. साष्टी जेझुइटांकडे आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे अशी धर्मप्रसाराची वाटणीच करून दिलेली होती. याच वर्षांत दैवतांचे स्थलांतर घडले. मूर्ती नेता आली तेथे मूर्ती नेली, नेता आली नाही तेथे लिंगाचा वा पाषाणाचा काही अंश नेला, आणि अंत्रुजातल्या झाडीत, गवताने शाकारलेल्या छपराखाली त्यांची स्थापना केली. आज तेथे जी घुमटांची, दीपमाळांची आणि तळ्यांची वैभवशाली देवालये दिसतात, ती पुष्कळ पुढची, मराठ्यांच्या अमलातील व नंतरची. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नार्वे येथे गेला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, याची साक्ष तेथील शिलालेख देतो.

कुंकळ्ळीचे गावकार मात्र सहजासहजी वाकले नाहीत. त्यांची देवळे पाडली गेली, त्यांनी ती पुन्हा उभारली, सारा देण्याचे नाकारले, आणि जुलै 1583 मध्ये चर्चसाठी जागा पाहावयास आलेल्या पाच जेझुइटांना व त्यांच्या सोबतच्या काही माणसांना त्यांनी ठार मारले. त्या पाचांत रोदोल्फो आक्वाव्हिव्हा हा इटालियन पाद्री होता. अवघ्या काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो फत्तेपूर सिक्रीस अकबर बादशहाच्या दरबारी होता; तेथे मुल्ला, ब्राह्मण, जैन, पारशी यांच्याबरोबर बसून तो निर्भयपणे वाद करीत असे आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. जेथे त्याच्या धर्मामागे राज्याचे बळ नव्हते तेथे तो सुरक्षित राहिला, आणि जेथे ते होते तेथेच त्याचा अंत झाला. या माणसाच्या व्यक्तिगत सज्जनपणाविषयी संशय घेण्याचे मला कारण दिसत नाही, म्हणूनच हा योग अधिक विषण्ण करतो. त्याचे व त्याच्या सोबत्यांचे देह मिळवून आणण्याच्या कामी टॉमस स्टीफन्स होता, ज्याने पुढे मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि 1616 साली राचोलला छापविले. गावकारांच्या वाट्याला जे आले ते चौकशी अथवा न्यायनिवाडा या नावाला पात्र नव्हते. बोलणे करावयाचे आहे म्हणून त्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि तेथे त्यांची हत्या केली. एक जण नदीत उडी टाकून वाचला, असे कुंकळ्ळीचे लोक सांगत आले आहेत. जमिनी खालसा झाल्या. पाच पाद्र्यांना 1893 साली रोमने पुण्यात्मे म्हणून गौरविले. गावकारांच्या स्मारकाला त्याहून पुष्कळ अधिक काळ वाट पाहावी लागली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली ती गेलीच, परंतु दर वर्षी फाल्गुनात बारा वांगडांच्या म्हणजे गावकार कुळांच्या छत्र्या घेऊन तिची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीस येते, आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती घराण्यांचाही तीत मान असतो.

1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाची स्थापना झाली. तिची मागणी फ्रान्सिस झेव्हियरने 1546 सालीच राजाकडे केली होती. त्या मागणीचा मुख्य रोख हिंदूंवर नव्हता, तर पोर्तुगालहून आलेल्या, बळाने ख्रिस्ती केलेल्या आणि घरात ज्यू रीती पाळणाऱ्या लोकांवर आणि शिथिलाचारी ख्रिस्त्यांवर होता. आदिलशाही सुभेदाराच्या जुन्या वाड्यात हे न्यायासन बसले. गोमंतकीय लोक त्या इमारतीला व्हडलें घर म्हणत आणि तिचे नाव दबक्या आवाजात घेत. वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या सुविख्यात ग्रंथाचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा 1568 साली मरण पावला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली जिवंत जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून काढून ती जाळण्यात आली. भारतातील औषधींचे ज्ञान ज्याने युरोपास करून दिले, त्या वैद्याला मरणोत्तरही शांतता लाभली नाही.

इन्क्विझिशनची खरी भीती चितेत नव्हती, तिच्या कार्यपद्धतीत होती. पकडलेल्या माणसाला त्याच्यावरचा आरोप सांगत नसत आणि आरोप करणाऱ्याचे नावही कळवीत नसत. आपण काय केले असावे हे त्याने स्वतः आठवून कबूल करावयाचे, आणि कबुलीचा मेळ गुप्त साक्षीशी बसला नाही तर ती अपुरी समजावयाची. अटक होताच मिळकतीची जप्ती होई, त्यामुळे निर्दोष सुटलेला माणूसही घरी परतताना भिकारी झालेला असे. शार्ल देलॉं या फ्रेंच वैद्याला 1673 मध्ये दमण येथे पकडण्यात आले, गोव्यात आणून दोन वर्षे एकांतकोठडीत ठेवण्यात आले, आणि 1676 च्या जानेवारीतील आवतु द फे या जाहीर शिक्षासमारंभात त्याला पाच वर्षांची गलबतावरची सक्तमजुरी सुनावण्यात आली. 1687 साली त्याने आपला वृत्तांत प्रसिद्ध केला तेव्हा युरोपास या न्यायासनाचे अंतरंग प्रथमच कळले. 1561 ते 1774 या काळात सोळा हजारांहून अधिक लोकांवर तेथे खटले चालले.

त्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हा प्रश्न विचारला म्हणजे उत्तर अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध येते. कायद्याप्रमाणे इन्क्विझिशनची सत्ता बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होती. हिंदूंना ती धर्मांतरात अडथळा आणल्याबद्दल अथवा ख्रिस्त्याला जुन्या रीतीकडे ओढल्याबद्दल पकडी. म्हणजे सर्वाधिक भाजला तो नवा ख्रिस्ती. ज्याच्या आजाने जमिनीसाठी, भीतीने किंवा खऱ्या श्रद्धेने नवा धर्म घेतला, त्याच्या नातवाला घरात तुळस दिसली, लग्नात विडा वाटला, अंगणात हळद-कुंकू सांडले, एवढ्यावरून व्हडल्या घराची पायरी चढावी लागे. 14 एप्रिल 1736 चा जाहीरनामा पाहावा. लग्नात हळद लावणे, फुले आणि विडे वाटणे, ओव्या गाणे, पुरुषांनी धोतर नेसणे, स्त्रियांनी चोळी घालणे, विशिष्ट तिथींना विशिष्ट पदार्थ करणे, मिठावाचून भात शिजविणे, हे सर्व त्यात ख्रिस्त्यांना मना केलेले आहे. स्वयंपाकाच्या भांड्यात मीठ आहे की नाही याची चौकशी ज्या राज्यात होऊ शकते, त्या राज्यात राजधर्माचा अनुयायी असल्यानेही कोणी सुरक्षित राहत नाही. आजचे गोमंतकीय ख्रिस्ती हे त्याच गावकारांचे वंशज आहेत आणि या छळाचे पहिले धनी त्यांचेच पूर्वज होते. त्यांना त्या राज्याचे वारस ठरवून बोल लावणाऱ्यांनी हा जाहीरनामा एकवार वाचावा.

भाषेवरही हाच प्रसंग आला. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर जी स्वारी केली, तिच्या धास्तीने विजरई फ्रान्सिस्कु द ताव्होरा, कोंद द आल्व्होर, याने आपला राजदंड झेव्हियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला होता. संकट टळले; आणि त्याच विजरईने 27 जून 1684 रोजी असा हुकूम काढला की प्रजेने तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या मुलखात स्टीफन्सने मराठीची स्तुती गायिली, जेथे ख्रिस्तपुराण भाविकांसमोर वाचले जाई, तेथेच ही आज्ञा निघाली. ती पूर्णतः अमलात येणे अशक्य होते आणि आली नाही. परंतु ख्रिस्ती गोमंतकातील देशी वाङ्मयाचा झरा त्यानंतर फार काळ आटलेला राहिला.

आणि इतके सर्व करूनही हे राज्य हिंदूंवाचून एक दिवस चालले नाही. सतराव्या शतकात जकातीचे व साऱ्याचे मक्ते घेणारे रेंदेर बहुतांशी सारस्वत हिंदू होते. मोगल, मराठे, सौंधेकर यांच्या दरबारी पाठवावयाचे वकील, दुभाषी, सराफ हेही पुष्कळदा हिंदूच असत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी 1952 साली पोर्तुगीज मुत्सद्देगिरीच्या या हिंदी हस्तकांवर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला आहे. ज्याच्या हातून राज्याचा महसूल येतो त्याला स्वतःच्या मुलाचे लग्न स्वतःच्या दारी विधिपूर्वक लावण्याची मोकळीक नव्हती. विजरई व्यापाराच्या भल्यासाठी सवलती देऊ पाही, इन्क्विझिशन हरकत घेई, लिस्बनहून कधी एकाला तर कधी दुसऱ्याला अनुकूल उत्तर येई, आणि त्या उत्तराची वाट पाहत हिंदूंची पिढी सरे.

आपल्या विषयाचे सर्वांत बोलके प्रमाण मात्र अठराव्या शतकात, नव्या काबिजादींत म्हणजे फिरंग्यांनी मागाहून मिळविलेल्या महालांत मिळते. 1763 मध्ये फोंडे, अष्टागार, हेमाडबार्से, काणकोण हा सौंधेकरांचा मुलूख आणि 1781 ते 1788 या काळात डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल फिरंग्यांकडे आले. राजा तोच, धर्म तोच, विजरईची गादी तीच. पण या वेळी मराठे आणि हैदर शेजारी उभे होते, राज्य थकले होते आणि प्रजा पळून जाण्याची धास्ती होती. म्हणून देवळे, वतने, रीतिरिवाज यांना धक्का लावणार नाही असे कबूल करण्यात आले, आणि ते वचन बहुतांशी पाळले गेले. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्यापासून पळून दैवतांनी फोंड्यात आसरा घेतला, त्यांच्याच अमलात ती आता आली, आणि सुखरूप राहिली. झुआरीच्या या काठाला जो विधी गुन्हा तोच त्या काठाला राज्याने मान्य केलेला मामूल, असा प्रकार एकाच सरकारच्या दोन महालांत दीर्घकाळ चालला. एखाद्याची पूजा वैध की अवैध हे त्याचा गाव कोणत्या साली जिंकला गेला यावर ठरू लागले, म्हणजे तेथे हक्क नावाची वस्तू नव्हतीच असे म्हणणे भाग आहे. होती ती मेहरबानी, आणि ती राज्याच्या बळाच्या व्यस्त प्रमाणात वाढत वा घटत होती.

मराठी वाचकाने येथे वसईचेही स्मरण ठेवावे. फिरंग्यांच्या उत्तरेकडील प्रांतात, वसई, ठाणे, मुंबईजवळची साष्टी, चौल येथे, हिंदूंना जाच सोसावा लागला होता आणि 1739 मधील चिमाजी अप्पांच्या मोहिमेमागे त्या जाचाच्या तक्रारी होत्या. परंतु वसई पडल्यावर जो तह झाला त्यात मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक लिहून दिलेली होती. वसईचा ख्रिस्ती समाज आजही मराठी बोलत तेथे नांदतो आहे. सूड घेण्याचे निमित्त हाताशी असताना ते न घेणे, हे मला त्या लढाईतील पराक्रमाइतकेच मोलाचे वाटते.

पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याने 1761 साली आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले, पण ते ख्रिस्त्यांनाच. 1774 मध्ये त्याने गोव्यातील इन्क्विझिशन बंद केले, राणी मारियाच्या काळात 1778 साली ते पुन्हा सुरू झाले, आणि इंग्रजांचा दबाव वाढल्यावर 1812 मध्ये कायमचे उठले. त्यानंतर काही वर्षांत, 1818 च्या सुमारास, पणजीस महालक्ष्मीचे देवालय उभे राहिले. जुन्या काबिजादींत जवळपास तीन शतकांनी हिंदूंचे देऊळ उघडपणे उभे राहत होते. 1826 च्या पोर्तुगीज सनदेने उदारमतवादाचा पुरस्कार केला, तरी तिच्या सहाव्या कलमात कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म राहिला, आणि अन्य धर्मांची उपासना परदेशीयांना, घरात, देवळाचे बाह्य रूप न देता करण्याची परवानगी मिळाली. धर्मावरून कोणाचा छळ होणार नाही असेही तीत आहे, परंतु राज्याच्या धर्माचा आदर राखील त्याचाच. सौम्य भाषेत लिहिलेल्या राजधर्माचे हे रूप विशेष अभ्यासण्याजोगे आहे: चिता नाही, कोठडी नाही, केवळ आपल्याच भूमीत राहणाऱ्या मनुष्याने स्वतःला परदेशीयाच्या कलमात शोधावयाचे. नव्या काबिजादींतील हिंदूंसाठी 1853 साली त्यांच्या रीतिरिवाजांची संहिता झाली, 1880 साली ती सुधारली गेली, आणि कारभार सुसह्य झाला. बरोबरीचा मात्र झाला नाही.

ती बरोबरी ऑक्टोबर 1910 मध्ये लिस्बनला राजसत्ता कोसळून प्रजासत्ताक आल्यावर, आणि 20 एप्रिल 1911 च्या कायद्याने धर्मसंस्था व राज्य विभक्त झाल्यावर आली. गोमंतकीय हिंदू प्रथमच सरकारी नोकरीत, शाळांत, सभागृहांत समान नागरिक म्हणून पाऊल टाकू लागला. त्यानंतरच्या दोन दशकांत निघालेली मराठी वृत्तपत्रे, वाचनालये आणि शाळा पाहिल्या म्हणजे साडेतीन शतके कोंडलेली शक्ती किती वेगाने बाहेर पडली हे जाणवते. हा अवकाशही अल्पकाळचा ठरला. सालाझारच्या राजवटीने 1940 साली रोमशी करार करून कॅथलिक मिशनांना वसाहतींत पुन्हा राज्याचा आश्रय दिला, आणि नागरिक स्वातंत्र्ये तर तिने सर्वांचीच हिरावून घेतली. 19 डिसेंबर 1961 रोजी फिरंगी अंमल संपल्यानंतर गोव्यात भारताची राज्यघटना लागू झाली. तीत राज्याला स्वतःचा धर्म नाही आणि धर्मस्वातंत्र्य हा पंचविसाव्या कलमाने दिलेला, न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क आहे.

हा इतिहास आपणांस कळतो तो ज्यांच्या श्रमांमुळे, त्यांत कुन्या रिव्हारा हा पोर्तुगीज अधिकारी अग्रस्थानी आहे. आपल्याच राज्याचे हे हुकूम त्याने गोव्याच्या दप्तरातून काढून एकोणिसाव्या शतकात निर्भीडपणे छापले. पुढे अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 साली गोव्यातील इन्क्विझिशनवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि, काम संपलेले नाही. इन्क्विझिशनच्या खटल्यांची बहुतेक कागदपत्रे ते न्यायासन उठल्यावर नष्ट करण्यात आली, आणि जी वाचली त्यांतील पुष्कळशी लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु दप्तरखान्यात आणि ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ती सर्व जुन्या पोर्तुगीज लिपीत व भाषेत आहेत. या कागदांत ज्यांची नावे आहेत ते केळशीचे, लोटलीचे, कुंकळ्ळीचे, वसईचे लोक आहेत. मोडी शिकून पेशवे दप्तर वाचणाऱ्या मराठी तरुणांपैकी काहींनी आता पोर्तुगीजही शिकावी, पणजीच्या पुराभिलेखागारापासून आरंभ करावा, आणि हिंदू, ख्रिस्ती, ज्यू असा भेद न करता त्या नावांची नोंद मराठीत आणावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.